आयपीए कसं ओळखायचं, कसं वापरायचं अन् दुकान कसं वाचवायचं

माझं रिपेरिंगचं दुकान टिनाच्या शेडमध्ये आहे, यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मोबाईल येतात, सेट टॉप बॉक्स येतात, पण खरी गर्दी पाऊस लागल्यावर, बॅटरीवरच्या फवारणी पंपांची. कपाशीवर फवारा सुरू झाला की पंप बंद पडणं कोणालाच परवडत नाही, माणूस सकाळी सातलाच पंप पाठीवर घेऊन शटरसमोर उभा असते. या सगळ्या कामात टेबलावर एक बाटली कायम असते, आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल. अन् आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतेच, "भाऊ, त्या बाटलीतलं पाणी दे न थोडं, हात धुतो."

ते पाणी नाही. दिसायला पाणी अन् वागायला पेट्रोल, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं इथं लिहून ठेवतो, काहून की आमच्याकडे नवीन पोरं व्हिडिओ पाहून दुकान टाकतात, आयपीए आणतात, अन् मग कोणी त्याने डिस्प्ले पुसून पांढरा करते तर कोणी बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवते.

आधी ते आहे काय ते. तीन कार्बनचं अल्कोहोल. दारूतलं इथेनॉल दोन कार्बनचं, अन् ज्याच्याने माणसं आंधळी होतात, मरतात, ते मिथेनॉल एका कार्बनचं. तिघंही बिनरंगी, तिघंही जळतात, म्हणून नुसतं डोळ्याने पाहून कोणतं कोणतं ते समजत नाही. आयपीए उसापासून किंवा मोहापासून निघत नाही, पेट्रोलियममधून निघते. रिफायनरीत प्रोपिलीन नावाचा गॅस मिळते, त्याला पाणी जोडलं की झालं आयपीए. १९२० मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलने हे अशा पद्धतीने बनवायला सुरुवात केली अन् पेट्रोकेमिकलचा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात. दुसरा रस्ता म्हणजे ॲसिटोनला हायड्रोजन देऊन बनवायचं. आपल्या राज्यात तळोज्याला, रायगड जिल्ह्यात, याचा कारखाना आहे.

आता ते कामाचं काहून आहे. एक तर ते पाण्यात कितीही मिसळते अन् हलक्या तेल-ग्रीसमध्येही मिसळते, असं दोन्हीकडचं नातं ठेवणारं द्रव फार कमी. सोल्डरिंगला फ्लक्स लावतात, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ, त्यातली राळ यात विरघळते. दुसरं, त्याचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली आहे, म्हणून जिथं पाण्याचा थेंब वरच्या वर गोल होऊन बसते तिथं आयपीए चिपच्या खाली शिरते. तिसरं, उडून जाते. उकळते ८२.५ डिग्रीला, पण उडायला उकळायची गरज नाही, तीस-पस्तीस डिग्रीत हातावर टाकलं तर गार लागून गायब. मागे काही राहत नाही, म्हणजे शुद्ध असेल तर. अन् गोठायचं म्हणाल तर उणे ८९ डिग्री, तो आपला विषय नाही.

पण जे उडते तेच पेटते. याचा फ्लॅश पॉइंट १२ डिग्रीच्या आसपास आहे. म्हणजे १२ डिग्रीच्या वर याची एवढी वाफ निघते की ठिणगी भेटली तर भडका. आपल्या विदर्भात १२ च्या खाली कधी जाते? डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे. बाकी पूर्ण वर्ष, दिवसरात्र, ही बाटली उघडली की पेटायला तयारच असते. मे महिन्यात ४५ डिग्रीत टिनाच्या शेडमध्ये काय होत असेल ते तुम्हीच समजा.

मला ते समजायला एक मे महिना लागला. दुपारची वेळ, एका टीव्हीचा पॉवर सप्लायचा बोर्ड साफ करत होतो. आयपीए स्टीलच्या वाटीत ओतलेलं, ब्रश वाटीत बुडवून बोर्डावर घासत होतो, अन् हॉट एअर गन बाजूला स्टँडला टांगलेली. ती बंद केली असं माझ्या डोक्यात होतं. सेटिंग ४४० वर होती अन् आयपीएची वाफ ३९९ डिग्रीच्या आसपास आपोआप पेट घेते, त्याला काडी लागत नाही. फक्क असा आवाज आला. उन्हाच्या उजेडात ज्योत नीट दिसेचना, आधी हातावरचे केस जळल्याचा वास आला, मग टेबलावरची रबरी मॅट कडेने वळताना दिसली. माठाखाली ओलं पोतं असते ते ओढून वाटीसकट सगळ्यावर टाकलं तेव्हा विझलं. माठ फुटला. पण पोतं ओलं नसतं तर मी आज हे लिहून राहिलो नसतो.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. टेबलावर उघडी वाटी नाही, पंपाची डबी ठेवतो, ती वरून दाबली की चमचाभर बाहेर येते, आत १०० मिलीच भरतो. मोठा कॅन दुकानाच्या मागे, सावलीत, जमिनीवर. अन् अगरबत्ती. आपण सगळेच सकाळी शटर उघडलं की आधी देवाला अगरबत्ती लावतो अन् लगेच कामाला बसतो. मी आता अगरबत्ती संपेपर्यंत आयपीएला हात लावत नाही, तेवढ्या वेळात कालच्या वह्या लिहून होतात.

ही वाफ हवेच्या दुपटीने जड असते हेही ध्यानात ठेवा. ती वर जात नाही, टेबलावरून घरंगळत खाली फरशीवर बसते. म्हणून छताजवळचा एक्झॉस्ट लावून फार उपयोग नाही, खालून हवा निघाली पाहिजे, दार उघडं पाहिजे. माझं दुकान दहा बाय बाराचं, नऊ फूट उंच. मी एकदा हिशोब केला तर अशा बंद खोलीत अंदाजे ४० मिली उडालं, म्हणजे अर्धा कट चहाएवढं, की हवेतलं प्रमाण ४०० पीपीएमला, म्हणजे दहा लाख भागांत ४०० भागांवर पोचते, अन् अमेरिकेत आठ तास काम करणाऱ्यासाठी ४०० चीच मर्यादा धरलेली आहे. तुमचं डोकं दुखते, गरगरते, घसा चुरचुरते, ते बहुतेक यानेच. शटर वर करा अन् बाहेर जाऊन बसा थोडा वेळ.

आता घेताना. रिपेरिंगला ९९ टक्केवालं घ्या, बॉटलवर ९९.९ किंवा ९९.८ लिहिलेलं असते. मेडिकलमध्ये मिळते ते बहुतेक ७० टक्के, ते हात पुसायला, थर्मामीटर पुसायला. लोक विचारतात की ९९ जास्त कडक, मग जंतू त्याने जास्त मरायला पाहिजेत. उलटं आहे. जंतू मारायला पाणीही लागते, ९९ वालं एक तर लगेच उडून जाते अन् दुसरं म्हणजे जंतूच्या वरचं प्रथिन एकदम घट्ट करते, आतपर्यंत पोचत नाही. ७० बनवायचं असेल तर ७०० मिली आयपीए घ्यायचं अन् डिस्टिल्ड पाणी टाकत टाकत १ लिटरच्या खुणेपर्यंत आणायचं. आधी ३०० मिली पाणी मोजून टाकलं तर लिटर भरत नाही, दोघं मिसळले की आकसतात, अन् डबा थोडा कोमट लागू शकते, घाबरायचं नाही. बोर्डाला मात्र ७० टक्केवालं लावू नका, त्यातलं तीस टक्के पाणी मागे राहते.

ओळखायचं कसं? सुटं आयपीए आणलं तर भेसळ असू शकते. माझे दोन-तीन देशी उपाय आहेत.

पहिला वजनाचा. माझ्या बाजूला सोनाराचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर मी करतो. १०० मिलीची खूण असलेली काचेची शिशी रिकामी ठेवून काटा शून्य करायचा, मग खुणेपर्यंत आयपीए भरून वजन पाहायचं. २० डिग्रीला शुद्ध आयपीए ७८.५ ग्रॅम भरते, ७० टक्केवालं ८८ च्या जवळ जाते. उन्हाळ्यात, ४० डिग्रीत, तेच शुद्ध ७७ च्या आसपास भरते, कारण फुगते, तर त्याने दचकू नका. वजन जास्त म्हणजे पाणी घातलेलं. सोनार पहिल्यांदा म्हणाला, "हे काय मोजून राहिला बे, सोनं संपलं का गावातलं?" आता तो स्वतःच शिशी मागते.

दुसरा मिठाचा. छोट्या शिशीत आयपीए घ्या, दोन चमचे कोरडं मीठ टाका, हलवा, ठेवून द्या. शुद्ध असेल तर मिठाचे दाणे खाली मोकळे राहतात, रेतीसारखे हलतात. पाणी असेल तर मीठ ते पाणी ओढून घेते अन् खाली खारं पाणी वेगळं, वर आयपीए वेगळं, असे दोन थर दिसतात. ७० टक्केवाल्यात तर हे साफ दिसते, पोरांना दाखवा, शाळेत जे समजत नाही ते इथं समजते.

तिसरा थर्माकोलचा, तुकडा घेऊन त्याच्यावर थेंब टाका. ॲसिटोन किंवा थिनर असेल तर थर्माकोल बसून जाते, खड्डा पडते. आयपीएने काही होत नाही.

पण या तिन्ही उपायांनी मिथेनॉल पकडता येत नाही. त्याचंही वजन ७९ च्या आसपासच, थर्माकोलही खात नाही. म्हणून सील बंद बाटली, लेबल असलेली, बॅच नंबर असलेली, हेच घ्या, अन् नागपूरहून आणायची तर एसटीत पिशवीत टाकून आणू नका, ज्वालाग्राही माल एसटीत चालत नाही अन् चालू पण नये, एवढी माणसं असतात आत.

आता फवारणी पंपाचा बोर्ड, कारण त्याच्यातच लोक चुकतात. पंप आला की बॅटरीचं कनेक्शन आधी काढा, १२ व्होल्टची बॅटरी असली तरी ठिणगी ती ठिणगीच. मग हातमोजे घालून बाहेरची टाकी साबणाने धुवा, औषधाचा अंश असते, तो आयपीएपेक्षा कितीतरी वाईट. वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खाली रेग्युलेटरचा छोटा बोर्ड असते, तो उघडला की दोन प्रकारचा मळ दिसते. एक चिकट, काळपट, तेलकट. दुसरा पांढरा, साखरेसारखा कडक थर, तो युरियाचा, १९:१९:१९ खताचा, किंवा चिपच्या पायाला हिरवट-निळा गंज. पोरं सरळ आयपीए टाकून घासत बसतात अन् म्हणतात निघत नाही. निघणारच नाही. १९:१९:१९ मध्ये क्षार असतात, मिठाच्या जातीचे, अन् आपण आत्ताच पाहिलं की आयपीएत मीठ विरघळत नाही. युरिया क्षार नाही, पण तोही आयपीएपेक्षा पाण्यातच कितीतरी जास्त विरघळते. तो पांढरा थर पाण्याने काढायचा. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या (ॲसिड नव्हे, दोन्हीच्या कॅन सारख्याच दिसतात), जुन्या टूथब्रशने घासा, दोनदा धुवा. बोर्ड ओला झाला म्हणून घाबरू नका, करंट नाही त्यात. मग आयपीए, सढळ हाताने, बोर्ड तिरपा धरून वरून खाली वाहू द्या. ते चिपखालचं पाणी स्वतःत घेऊन वाहून नेते अन् उरलेलं उडून जाते. परत एकदा ताजं आयपीए. पहिल्या धुण्यात विरघळलेली राळ, मळ सगळं त्या ओल्या थरात असते, तसंच वाळू दिलं तर पांढरी झाक राहते अन् गिऱ्हाईक म्हणते साफच नाही केलं. पावसाळ्यात अजून एक भानगड, आयपीए उडताना बोर्ड गार पडते अन् हवेतली ओल त्याच्यावर बसते, तर ब्लोअरची साधी हवा मारत राहा. पूर्ण सुकल्यावरच बॅटरी जोडायची, वासही राहिला नाही पाहिजे. शेवटी क्लिअर कोटिंग मारून टर्मिनलला व्हॅसलिन लावून दिलं की सीझन निघून जाते.

विहिरीत पडलेला मोबाईल पण याच तत्त्वावर. तांदळाच्या डब्यात ठेवायचं खूळ सोडा, तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही, उलट दोन दिवस गंज चढायला मोकळे भेटतात. चार्जिंगला लावू नका, उघडा, बॅटरी काढा, नुसता बोर्ड झाकणाच्या डब्यात आयपीएत पाच-सात मिनिटं ठेवा, मऊ ब्रश मारा, ताज्या आयपीएने एकदा धुवा, सुकवा. डिस्प्ले, कॅमेरा, स्पीकर, माईक हे त्यात बुडवायचं नाही, गोंद सुटते अन् मळ जाळीत जाऊन बसते. अल्ट्रासॉनिकच्या टबमध्ये, म्हणजे कंपनाने बोर्ड धुणाऱ्या मशीनमध्ये, तर आयपीए कधीच भरू नका, मशीन गरम होते अन् त्या मशीनला आगीपासून कवच नसते. ॲक्रिलिकची काच, जुन्या टीव्हीची चमकदार फ्रेम, शेलॅक म्हणजे लाखेच्या पॉलिशचं लाकूड, यावरही नको. ॲक्रिलिकला बारीक भेगा जातात, पॉलिश तर विरघळतेच.

कारखान्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. सेमीकंडक्टरवाले चिपची चकती धुतल्यावर सुकवायला आयपीएची वाफ वापरतात, औषध कंपन्या गोळीतला माल शुद्ध करायला अन् मशीन पुसायला, शाईवाले शाई पातळ करायला. तालुक्याला लग्नपत्रिका छापतात त्या ऑफसेट मशीनमध्ये पाण्याचा रोलर असते, त्या पाण्यात बरेच जण ५ ते १५ टक्क्यांपर्यंत आयपीए टाकतात म्हणजे पाणी प्लेटवर सारखं पसरते, थेंब धरत नाही. म्हणून लगनसराईत प्रेसमध्ये गेलं की तो दवाखान्यासारखा वास येते. सरकीतून तेल काढायला गिरण्या हेक्झेन नावाचं द्रव वापरतात, त्याच्या जागी आयपीए चालते का यावर पण बरंच संशोधन झालेलं आहे.

अन् तणनाशकाचा किस्सा. एक काका ग्लायफोसेट ४१ टक्केचा डबा घेऊन आले, लेबलवर बोट ठेवून म्हणतात, "हे पाय, याच्यात बी तुयं आयपीए हाये न, मंग मोबाईल याच्यानंच धुऊन टाक." लेबलवर खरंच आयपीए सॉल्ट लिहिलेलं असते. पण ते आयसोप्रोपाइल अमाईन, अल्कोहोल नाही. अमाईन बनवताना कारखान्यात आयपीए किंवा ॲसिटोनला अमोनियाबरोबर जोडतात, म्हणजे नात्यातलं आहे, पण चुलत. काकांना म्हटलं, "काका, तुमच्या अन् पाटलाच्या आडनावाचं पहिलं अक्षर एक आहे म्हणून त्याचं वावर तुमच्या नावावर होते का?" तेव्हा पटलं त्यांना.

पिण्याचं एकदा लिहितोच. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमध्ये दारू बंद होती, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. आयपीए पोटात गेलं की लिव्हर त्याचं ॲसिटोन करते, माणूस गुंगीत जाते, श्वास मंदावते. कोणी प्यायलं असं समजलं तर उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात न्या, डॉक्टरला कोणतं अल्कोहोल ते समजलं पाहिजे. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा. रोज हात लावत असाल तर कातडी भेगाळते, नायट्राईलचे निळे हातमोजे घ्या अन् रात्री खोबरेल लावा.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरणं मी आमच्या पोराला पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. मूळ कॅनमध्येच ठेवायचं, वर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरात "विष, पेटते". काठोकाठ भरायचं नाही, उन्हाने फुगते. झाकण घट्ट, कारण ते हवेतलं पाणीही ओढते अन् हळूहळू तुमचं ९९ काही ९९ राहत नाही. वर्षानुवर्षं उजेडात पडलेला अर्धा डबा असेल तर तो आटवून-बिटवून शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका, त्यात पेरॉक्साइड तयार झालेलं असू शकते अन् आटवताना ते फुटते. वापरलेल्या चिंध्या दुकानातल्या डब्यात दाबून ठेवू नका, बाहेर मोकळ्यावर वाळू द्या. मळकट आयपीए नालीत नाही, विहिरीकडे तर नाहीच.

राहिला रिकामा कॅन. पाच लिटरचा जाड कॅन लोकांना लय आवडते, ढोरांची ढेप भिजवायला किंवा रोप लावायला वरून कापून पाहिजे असते, अन् कापतात कसं, तर चुलीत विळा तापवून. भरलेल्या कॅनपेक्षा हा रिकामा जास्त वाईट, आत नुसती वाफ अन् हवा असते, २ ते १२ टक्क्यांच्या मधलं मिश्रण, जे पेटायला पाहिजे नेमकं तेच. म्हणून मी कॅन तीनदा पाण्याने खळखळून, चौथ्यांदा काठोकाठ भरून, बुडाला थंड खिळ्याने भोक पाडतो अन् मगच देतो. पाणी गळायला लागते तेव्हा घेणारा तोंड वाकडं करते, "फुटका कायले देता बाप्पा?" मी म्हणतो रोप लावा, भोक तर लागतेच त्याला.